साखरपुड्याची अंगठी आणि वसईची खारी हवा

नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला एक टेकाड आहे. गावकरी त्याला बुरुड राजाचा कोट म्हणत. १८८२ च्या एप्रिलमध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते खणलं आणि आत बौद्ध स्तूप निघाला. स्तूपाच्या पोटात दगडी पेटी होती. तिच्यात तांब्याचा करंडक, त्याच्या आत चांदीचा, मग दगडाचा, मग स्फटिकाचा आणि सगळ्यात आत सोन्याचा. सोबत सोन्याची इवली इवली फुलं. हा ठेवा आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे. करंडक एकात एक ठेवताना तांबं बाहेर, चांदी त्याच्या आत आणि सोनं गाभ्यात असा क्रम लावला तो मोलाचा म्हणून. पण हवापाण्याला टिकण्याचा क्रमही हाच आहे. दमट हवेत तांब्यावर हिरवट थर चढतो, गंधकाचा वारा लागला की चांदी काळवंडते. सोनं हजार वर्षं मातीत राहिलं तरी पिवळंच निघतं.

या तीन धातूंची गोष्ट अंगठीच्या लेखात आणायचं कारण असं की आपल्या बोटातल्या अंगठीत हे तिन्ही असतात. चोवीस कॅरेटचं चोख सोनं इतकं मऊ असतं की त्याची अंगठी महिनाभरात वाकडी होईल. म्हणून त्यात तांबं आणि चांदी मिसळतात. बावीस कॅरेटमध्ये हजारातले ९१६ भाग सोनं असतं, अठरा कॅरेटमध्ये ७५०, चौदा कॅरेटमध्ये ५८५. ‘सोनं काळं पडलं’ अशी तक्रार घेऊन माणसं सराफाकडे येतात, तेव्हा काळं पडलेलं असतं ते हे उरलेलं. वसई-विरारच्या खाऱ्या, दमट हवेत आणि घामात ते जरा लवकरच पडतं.

सगळ्या दागिन्यांत जास्त राबते ती अंगठी. नथ वर्षातून दोन-चारदा डबीतून बाहेर येते, तोडे-पाटल्या लग्नकार्याला. मंगळसूत्र रोज गळ्यात असतं, पण गळा भांडी घासत नाही. अंगठी कणकेत जाते, साबणात जाते, विरार लोकलच्या दांड्याला घासते, बाईकच्या हँडलवर दाबली जाते, बाळाच्या लंगोटाच्या धाग्यात अडकते. तरीही साखरपुड्याची अंगठी निवडताना बहुतेकांच्या डोळ्यांसमोर हॉलमधला फोटो असतो: मखमली डबी, वर फुलांची आरास, फोटोग्राफर सांगतोय ‘जरा हळू घाला’. तो फोटो दहा मिनिटांचा. त्यानंतरची तीस-चाळीस वर्षं हात काय काय करणार आहे, हे दुकानात शिरण्याआधी ठरवलं तर पुढची निम्मी निगराणी वाचते. माझं म्हणणं एवढंच आहे, बाकी सगळा तपशील त्याचाच.

वसईत साखरपुडा हिंदूंच्या घरी होतो तसा ख्रिस्ती घरांतही होतो, आणि शब्दही तोच. अंगठीला ख्रिस्ती लग्नात धर्मविधीचं स्थान आहे. देवळात फादर अंगठ्यांना आशीर्वाद देतात आणि मग वधूवर त्या एकमेकांच्या बोटात घालतात. हिंदू घरांत साखरपुड्याचा गाभा साखरेचा पुडा, साडी आणि ओटी हा होता. अंगठीची देवघेव त्यात मागाहून शिरली आणि आता तीच मुख्य झाली. एकाच हिऱ्याची अंगठी तर आणखी नवी. सहा पंजांवर हिरा उचलून धरणारी घडण टिफनी या अमेरिकी पेढीने १८८६ मध्ये आणली. हिरा आणि कायमचं प्रेम यांची सांगड घालणारी डी बिअर्स कंपनीची जाहिरात १९४७ ची. त्या जाहिरातीच्या आधी कोणाचं प्रेम अडून राहिलं होतं असं ऐकिवात नाही. तेव्हा सोन्याचं साधं वळं घेतलं तर परंपरेत काही उणं पडेल, ही भीती बाळगू नका.

आधी माप. सराफाकडे लोखंडी किंवा पितळी कड्यांचा जुडगा असतो, प्रत्येक कड्यावर नंबर. भारतीय नंबरांचा हिशेब सोपा आहे: आतला घेर मिलिमीटरमध्ये मोजा आणि ४० वजा करा. घेर ५२ मिलिमीटर असेल तर नंबर १२. म्हणजे एका नंबराचा फरक म्हणजे घेरात एक मिलिमीटर, आणि तेवढ्यानेही अंगठी रुतते किंवा गळते. बोट मात्र दिवसभर एका मापाचं राहत नाही. सकाळी ते बारीक असतं. उन्हात चालून आल्यावर किंवा रात्री खारट जेवण झाल्यावर फुगतं. एसी दुकानात अर्धा तास बसलं की पुन्हा आक्रसतं. मे महिन्यातलं माप आणि जानेवारीतलं माप यांतही फरक पडतो. माप संध्याकाळी द्यावं, हात नेहमीसारखा कोमट असताना, आणि ज्या बोटात घालायची त्याच बोटाचं. डाव्या-उजव्या हाताची बोटं सारखी नसतात. कडं पेरावरून जाताना थोडं अडलं पाहिजे आणि आत बसल्यावर मोकळं फिरलं पाहिजे. रुंद पट्टीची अंगठी घेणार असाल तर अर्धा-एक नंबर मोठी लागते, कारण ती बोटाचा जास्त भाग आवळते.

सैल अंगठी गार पाण्यात हरवते. कालिदासाच्या शकुंतलेची अंगठी तीर्थाच्या पाण्यात गळून पडली आणि पुढे कोळ्याला माशाच्या पोटात सापडली. त्या गोष्टीत दुर्वासांचा शाप होता. पण शाप नसतानाही गार पाण्यात बोट आकसतं आणि ओलं बोट निसरडं होतं, हे अर्नाळ्याच्या नाहीतर पाचूबंदरच्या कुठल्याही कोळ्याला ठाऊक आहे. समुद्रात उतरताना अंगठी घरी ठेवा. मासा परत आणून देईलच असं नाही.

आता धातू. आपल्याकडे बावीस कॅरेटच्या खालचं सोनं म्हणजे कमअस्सल, अशी समजूत घट्ट आहे. वळ्यासाठी, खडा नसलेल्या अंगठीसाठी बावीस कॅरेट उत्तमच. हिरा बसवायचा असेल तर अठरा किंवा चौदा कॅरेट घ्यावं, कारण हिऱ्याला धरून ठेवणारे ते चार-सहा काटे जितके कणखर तितका हिरा सुरक्षित. बावीस कॅरेटचे बारीक काटे कपड्यात अडकून हळूहळू उघडतात आणि एक दिवस खडा कुठे पडला ते कळतही नाही. पांढऱ्या सोन्याबद्दलही आधीच माहीत असलेलं बरं. त्याचा झगमगता पांढरेपणा बऱ्याचदा रोडियम नावाच्या धातूच्या मुलाम्याचा असतो. वर्ष-दोन वर्षांत तो झिजला की खालून पिवळसर झाक दिसते आणि पुन्हा मुलामा द्यावा लागतो. काही पांढऱ्या सोन्यात निकेल असतं. ज्यांना खोट्या कानातल्यांनी खाज सुटते त्यांनी तेवढं विचारून घ्यावं. प्लॅटिनमला मुलाम्याची गरज नाही, ते जड असतं, त्यावर ओरखडे उठतात पण धातू फारसा झिजत नाही. घडवायला मात्र अवघड, म्हणून मजुरी जास्त, आणि गल्लीतला प्रत्येक सोनार त्याची दुरुस्ती करेलच असं नाही.

खडा कसा बसवलाय याकडे गिऱ्हाईक सहसा बघत नाही, आणि खरं तर सगळ्यात आधी तेच बघायला हवं. उंच काट्यांवर बसवलेला हिरा प्रकाश चहूबाजूंनी घेतो, म्हणून जास्त चमकतो आणि जास्त अडकतोही. बंद कोंदणात खड्याच्या कडेने सोन्याची पूर्ण किनार असते. चमक किंचित कमी, पण स्वेटर, केस, ओढणी, बाळाची कातडी कशालाच ती धरत नाही. नर्स, शिक्षिका, स्वयंपाकाचा व्यवसाय करणारी, रोज विरारहून चर्चगेटला जाणारी, अशा सगळ्यांसाठी मी डोळे झाकून बंद कोंदण सुचवेन. पूर्ण वर्तुळभर खडे असलेली अंगठी फोटोत देखणी दिसते, पण तिचं माप पुढे बदलता येत नाही. बाळंतपणात बोट वाढलं की ती डबीत जाते.

हिऱ्याचं वजन कॅरेटमध्ये मोजतात. हा कॅरेट सोन्याच्या शुद्धतेच्या कॅरेटहून वेगळा, हे वजन आहे: एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, म्हणजेच १०० सेंट. एक कॅरेटचा गोल हिरा साधारण साडेसहा मिलिमीटर रुंद दिसतो, अर्ध्या कॅरेटचा पाच मिलिमीटरच्या थोडा वर. म्हणजे वजन निम्मं झालं तरी बोटावर दिसताना तो निम्मा दिसत नाही. भाव मात्र निम्म्याहूनही खाली येतो, कारण मोठा हिरा दुर्मीळ आणि दर कॅरेटमागे चढत जातो. शिवाय पूर्ण आकड्यांना गिऱ्हाईक असतं, म्हणून ५० सेंटऐवजी ४६-४७ सेंटचा हिरा घेतला तर डोळ्याला फरक कळत नाही, खिशाला कळतो. रंगाची प्रतवारी इंग्रजी डी या अक्षरापासून सुरू होऊन झेडपर्यंत पिवळी होत जाते. पिवळ्या सोन्यात बसवायचा असेल तर डी-ई-एफचा हट्ट म्हणजे पैसे वाया, कारण सोन्याचीच पिवळी झाक त्यात पडते. पैसे घालायचे तर कापावर घाला. पैलू नीट पाडलेले नसतील तर स्वच्छ, बिनरंगी हिराही काचेसारखा मेलेला दिसतो.

प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा खोटा नव्हे. तोही कार्बनच, कठीणपणा तोच, चमक तीच. नुसत्या डोळ्याने किंवा दुकानातल्या साध्या टेस्टरने तो ओळखू येत नाही, त्याला खास यंत्रं लागतात. सुरत हे त्याचं मोठं केंद्र आहे. फरक आहे तो भावात. हे हिरे गेल्या काही वर्षांत झपाट्याने स्वस्त झाले आहेत आणि उद्या विकायला गेलात तर हातात फार काही येणार नाही. पण खाणीतला छोटा हिरा विकायला गेलात तरी आनंदीआनंदच असतो. अंगठीतला हिरा गुंतवणूक म्हणून घेऊ नये, हे माझं ठाम मत. तो आवडतो म्हणून घ्यावा. फसवणूक तेव्हा होते जेव्हा प्रयोगशाळेतला हिरा खाणीतला म्हणून विकला जातो. म्हणून प्रमाणपत्र मागायचं. जीआयए, आयजीआय अशा संस्था ते देतात. पुष्कळदा हिऱ्याच्या कमरेवर, म्हणजे सगळ्यात रुंद कडेवर, लेसरने नंबर कोरलेला असतो. दुकानदाराला भिंगातून तो दाखवायला सांगा आणि कागदावरच्या नंबराशी ताडून पाहा. मॉयसनाइट आणि अमेरिकन डायमंड हे मात्र हिरेच नव्हेत. मॉयसनाइट म्हणजे सिलिकॉन कार्बाइड, चांगला कठीण. अमेरिकन डायमंड म्हणजे क्युबिक झिरकोनिया, रोज वापरला तर पैलूंच्या कडा बोथट होऊन दोन-तीन वर्षांत धुरकट दिसू लागतो.

रंगीत खडा हवा असेल तर वाळूचा विचार करा. राजोडी, भुईगाव, अर्नाळा, जिथे जाल तिथे वाळू, आणि वाळूत गारगोटी असते. कठीणपणाच्या मोजपट्टीवर हिरा १०, माणिक आणि नीलम ९, गारगोटी ७. घरातल्या साध्या धुळीतही गारगोटीचे कण असतात. म्हणजे ७ च्या खालचा खडा नुसता धूळ बसल्यावर कोरडा पुसला तरी ओरखडतो. ओपल, फिरोजा, पोवळं आणि मोती हे सगळे या रेषेच्या खाली. पाचू रेषेच्या थोडा वर आहे, पण त्यात जन्मतःच भेगा असतात आणि त्या झाकायला तो बहुधा तेलात मुरवलेला असतो. गरम पाण्यात घातला तर तेल निघून भेगा उघड्या पडतात. रोजच्या अंगठीसाठी माणिक, नीलम आणि हिरा हे तीनच खडे बिनधोक. आणि हिरा कठीण असला तरी अभेद्य नाही. त्याला ठराविक दिशा असतात, त्या दिशेने घाव बसला तर तो चिरतो. ओट्याच्या ग्रॅनाइटवर हात आपटताना हे लक्षात असू द्या.

दुकानात अंगठी हातात आली की उलटी करा. आतल्या बाजूला तीन खुणा हव्यात: बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) त्रिकोणी चिन्ह, शुद्धता (इंग्रजीत कोरलेलं २२ के ९१६ किंवा १८ के ७५०) आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक. हॉलमार्किंग १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचं झालं आणि १ एप्रिल २०२३ पासून एचयूआयडीशिवाय सोन्याचा दागिना विकता येत नाही. दोन ग्रॅमहून हलक्या वस्तू यातून वगळल्या आहेत, त्यामुळे अगदी नाजूक अंगठीवर ही खूण नसेल तर लगेच भांडायला उठू नका. वजन बघा. अक्षरं इतकी बारीक असतात की भिंग लागतंच. फोन काढा, बीआयएस केअर या ॲपमध्ये तो सहा अक्षरांचा नंबर टाका. दागिना कोणता, शुद्धता किती, कोणत्या केंद्रात तपासला, कोणत्या सराफाचा, हे सगळं उमटतं. हातात अंगठी आणि पडद्यावर कानातलं दिसलं तर काहीतरी गडबड आहे. हे काउंटरवर, पैसे देण्याआधी करा. सराफ चांगला असेल तर तोच भिंग पुढे करतो. शुद्धता कमी निघाली तर नियमाने कमतरतेच्या रकमेच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मिळतो, पण त्यासाठी पक्की पावती हवी.

पावतीवर एकूण वजन, निव्वळ सोन्याचं वजन, खड्यांचं वजन आणि किंमत, मजुरी, हॉलमार्कचे पैसे वेगवेगळे लिहून घ्या. खड्याचं वजन सोन्याच्या भावाने लावलं जात नाही ना, ते इथे कळतं. सोन्याचा भाव साधारण सारखाच असतो, पण मजुरी दुकानागणिक बदलते आणि घासाघीस तिथेच करायची असते. वर तीन टक्के जीएसटी आला. हॉलमार्क फक्त धातूची हमी देतो, खड्याची नाही, हे अनेकांना माहीत नसतं.

‘हलकी पण भरीव दिसणारी’ अंगठी दाखवली तर ती पोकळ आहे का ते विचारा. सोन्याचा पातळ पत्रा साच्यावर ठोकून अशा वस्तू होतात. हे पोलादी साचे, म्हणजे डाय, कोरण्याचं कसब आपल्याच पालघर जिल्ह्यात आहे. डहाणू तालुक्यातल्या चिंचणी, वरोर, वाणगाव पट्ट्यात घरोघरी माणसं पोलादावर मिलिमीटरभराची वेलबुट्टी कोरतात आणि तिच्यावर ठोकलेले दागिने देशभर जातात. त्या कलेला नमस्कार. कानातल्यांना, पदकांना पत्रा चालतो. अंगठी मात्र भरीवच घ्या, कारण पोकळ अंगठीला पोचा आला की तो निघत नाही.

घरी आणल्यावर काळजी फारशी नसते. हिऱ्याला तेलकटपणाची ओढ आहे. खाणीत हिरे वेगळे करायला ग्रीस लावलेले तक्ते वापरत, पाण्याबरोबर खडे वाहून जात आणि हिरे ग्रीसला चिकटत. आपल्या घरचं तूप, क्रीम, सनस्क्रीन हेच काम करतं, आणि हिरा मंद दिसतो तो बहुधा याच मेणचट थराने. वाटीत कोमट पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, त्यात वीस मिनिटं अंगठी. मग लहान मुलाच्या मऊ ब्रशने खड्याच्या मागच्या बाजूने हलकेच घासायचं, कारण मळ मागे साठतो. दुसऱ्या वाटीत धुऊन मलमलीने टिपायचं. बेसिनवर धुऊ नका, जाळीतून गेलेली अंगठी शोधायला प्लंबर लागतो. रिठ्याचं पाणीही उत्तम, आजीची पद्धत इथे अगदी शास्त्रशुद्ध आहे. टूथपेस्ट नको. तिच्यात दात घासायला घातलेली खरखरीत पूड असते आणि सोनं दातापेक्षा कितीतरी मऊ.

क्लोरीनपासून मात्र अंगठी खरोखर जपायला हवी. ब्लीच, बाथरूम धुण्याचं द्रावण, पोहण्याचा तलाव यांतलं क्लोरीन सोन्यातल्या भेसळ धातूंना पोखरतं. चौदा-अठरा कॅरेटचे बारीक काटे त्याने ठिसूळ होऊन तुटतात. अर्नाळा-कळंबच्या रिसॉर्टमध्ये पाण्यात उतरताना अंगठी काढून ठेवायला हे एक कारण, हरवण्याची भीती हे दुसरं. आणखी एक शत्रू पारा. थर्मामीटर फुटला आणि पाऱ्याचा थेंब सोन्याला लागला की सोनं पांढरं पडतं. अशी वस्तू घरी गॅसवर धरू नका, पाऱ्याची वाफ विषारी असते. आणि दारावर ‘दागिने चमकवून देतो’ म्हणत येणाऱ्याला आत घेऊ नका. नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लाच्या मिश्रणात सोनं विरघळतं. अंगठी झगझगीत होऊन परत मिळते, वजन त्या माणसाच्या बाटलीत जातं.

महिन्यातून एकदा अंगठी कानाजवळ धरून नखाने टिचकी मारा. बारीक टिकटिक ऐकू आली तर खडा हलतोय. कापसाचा बोळा काट्यांवरून फिरवा, धागा अडकला तर काटा उचलला गेलाय. दोन्हींपैकी काहीही असलं तर ती अंगठी त्या दिवशी घालायची नाही, सोनाराकडे न्यायची. काटा दाबून घेणं हे किरकोळ काम आहे.

चांदीच्या जोडव्या-पैंजणांचं गणित निराळं. हवेतल्या गंधकाशी चांदीची संयुगं होतात, ती काळी दिसतात. ओहोटीला वसई खाडीच्या तिवरांतून जो कुजक्या अंड्यासारखा वास येतो तो याच गंधकाच्या वायूचा, त्यामुळे खाडीकाठच्या घरांत चांदी लवकर काळी पडली तर नवल नाही. रांगोळीने घासायची आपली सवय वाईट, कारण रांगोळी म्हणजे दगडाचीच पूड, दर घासण्याला चांदी जाते. त्याऐवजी काचेच्या भांड्यात ॲल्युमिनियमची फॉइल अंथरा, तिच्यावर पैंजण ठेवा, चमचाभर खाण्याचा सोडा टाका आणि कढत पाणी ओता. चांदी फॉइलला टेकलेली हवी. बुडबुडे येतात, तोच कुजका वास येतो आणि पाहता पाहता काळेपणा उतरतो. गंधक चांदीला सोडून ॲल्युमिनियमकडे जातं, चांदी जागच्या जागी राहते. मीनाकारी केलेल्या किंवा खडे-मोती असलेल्या वस्तूंना हा प्रयोग नको.

नथीतले, तन्मणीतले मोती पाण्यात बुडवायचेच नाहीत. मोती म्हणजे चुन्याचे पापुद्रे, घाम आणि अत्तर त्याला खातात. म्हणून नटून झाल्यावर शेवटी घालायची आणि परतल्यावर पहिली काढायची ती नथ. मऊ ओलसर कापडाने पुसून वेगळ्या मलमलीत ठेवा. लाख भरलेले जुने तोडे, गोठ गरम पाण्यात टाकले तर लाख मऊ होऊन बाहेर येते. प्रत्येक दागिना वेगळ्या पुडीत हवा, हिऱ्याची अंगठी सोन्याच्या माळेबरोबर एका डबीत ठेवली तर ती माळेला खरवडते.

अंगठी बोटात अडकली तर ओढू नका, ओढल्याने सूज वाढते. हात पाच मिनिटं डोक्याच्या वर धरा, गार पाण्यात बुडवा, साबण लावा. तरी न निघाली तर शिवायच्या रेशमी दोऱ्याचं एक टोक अंगठीखालून हाताच्या बाजूला काढा आणि उरलेला दोरा अंगठीपासून पेरापलीकडे गच्च, लागून लागून गुंडाळत न्या. मग हाताकडचं टोक धरून दोरा उलगडत जा, अंगठी त्यावरून पुढे सरकत येते. बोट निळं पडलं असेल तर दोरा बाजूला ठेवा आणि दवाखाना गाठा. तिथे अंगठी कापतात. ती पुन्हा जोडता येते.

वालीव, सातिवलीच्या कारखान्यांत मशिनवर काम करणाऱ्यांनी, वीजकाम करणाऱ्यांनी आणि जाळी ओढणाऱ्यांनी कामावर अंगठी घालूच नये. ती अडकली तर बोटाची कातडी सोलून निघते. अमेरिकेतला टीव्ही निवेदक जिमी फॅलन २०१५ मध्ये घरातच पडला, लग्नाची अंगठी ओट्याला अडकली आणि बोट वाचवायला सहा तासांची शस्त्रक्रिया करावी लागली. कामासाठी सिलिकॉनची अंगठी मिळते, ओढ बसली की ती तुटते. गर्दीच्या वेळी लोकलमध्ये चढतानाही हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

लॉकरबद्दल दोन शब्द. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासूनच्या नियमांनुसार आग, चोरी, इमारत कोसळणं किंवा बँकेच्या माणसानेच केलेली लबाडी यांत नुकसान झालं तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंत. भाडं तीन हजार असेल तर तीन लाख. पुरासारख्या नैसर्गिक आपत्तीत बँक जबाबदार नसते. जुलै २०१८ मध्ये नालासोपारा-वसईत रूळ पाण्याखाली गेले होते, ते पाहिलेल्यांनी तळमजल्यावरच्या लॉकरचा जरा विचार करावा आणि मोत्यांच्या वस्तू तरी हवाबंद डब्यात ठेवाव्यात. दागिन्यांचा विमा वेगळा उतरवता येतो, त्यालाही पावती आणि फोटो लागतात.

शेवटचं सांगणं खरेदीबद्दल. साखरपुड्याची अंगठी गुपचूप आणून चकित करण्याची हौस सिनेमातून आली आहे. माप चुकतं, आवड चुकते, आणि बदलून घेताना मजुरी बुडते. जिच्या किंवा ज्याच्या बोटात ती जाणार आहे त्या माणसाला बरोबर न्या, संध्याकाळी न्या, आणि पावती त्याच दिवशी फोनमध्ये टिपून ठेवा.